तापमानवाढ थाप असेल तर भरपाई कुणाकडे मागायची?

मागच्या अंकात ग्लोबल वॉर्मिंगचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडून प्रश्न आले. अर्धे लोक घाबरलेले, अर्धे चिडलेले, आणि चारदोन जणांनी तर मला थेट परदेशी एजंट ठरवून टाकलं (मानधन कुठे जमा होतं तेवढं कळवा म्हणजे झालं). सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न: हवामान तर कायमच बदलत आलंय. हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठे मोटारी होत्या? हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तोही झाडांचं अन्न, हे मी स्वतः तीस वर्षं वर्गात शिकवलं. मग एवढा गवगवा कशाला? – निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: गुरुजी, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतोय. हिमयुगं येतात-जातात ती पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल यांच्यात हळूहळू होणाऱ्या फरकामुळे, आणि ते फरक हजारो वर्षांचे असतात. मागचं हिमयुग संपताना पृथ्वी साधारण ५ अंशांनी तापली पण त्याला दहाएक हजार वर्षं लागली. आत्ता आपण एकोणिसाव्या शतकाच्या मानाने सव्वा अंशाच्या वर गेलोय आणि त्यातली बरीचशी वाढ १९७० नंतरची आहे, म्हणजे तुमच्या नोकरीच्या काळातली. शिवाय कक्षेचं ते चक्र एकटं असतं तर सध्या पृथ्वी अगदी सावकाश थंड व्हायला हवी होती.

आता ०.०४ टक्के. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता हे दोन्ही वायू जवळजवळ अडवतच नाहीत, त्यामुळे ते कितीही असले तरी या कामाचे नाहीत. काम करतात ते वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडेथोडके वायू. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आणि हे काही काल-परवाचं संशोधन नाही हां. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी १८५६ साली, म्हणजे आपल्याकडे सत्तावनचं बंड व्हायच्या आदल्या वर्षी, काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि नळकांडी उन्हात ठेवली, तर कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर थंडही उशिरा झालं. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त तापली असती. पुढे टिंडॉल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये नीट मोजमापं केली, आणि १८९६ साली, मुंबईत प्लेग आला त्या वर्षी, स्वीडनच्या अऱ्हेनियसने हाताने आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ५-६ अंश वाढतील. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे गड्याचा आकडा थोडा जास्तच होता, पण दिशा बरोबर होती. यातलं कुणीही ना डाव्या पक्षाचं होतं ना सोलर कंपनीचं.

उद्योगधंदे सुरू व्हायच्या आधी हवेत दहा लाखाला २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ साली कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ होता, आता ४२० च्या पुढे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले तर गेल्या ८ लाख वर्षांत तो ३०० च्या फार वर कधी गेलेला दिसत नाही. बरं हा वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? कोळसा-तेल म्हणजे जुनी झाडं-झुडपं आणि जीव, वनस्पती हलका कार्बन (कार्बन-१२) जास्त उचलतात, शिवाय कोळसा इतका जुना की त्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो, आणि हवेतही नेमकं तेच दिसतंय, हलक्या कार्बनचं प्रमाण वाढतंय आणि कार्बन-१४ चं घटतंय. ज्वालामुखी म्हणाल तर आपण वर्षाला सोडतो त्याच्या एक टक्काही ते सोडत नाहीत. आणि सूर्य म्हणाल तर सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता, प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. हे असं होईल असं हवामानशास्त्रज्ञ मनाबे यांनी १९६७ सालीच गणितातून दाखवलं होतं, त्यांना २०२१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

झाडांच्या अन्नाचं म्हणाल तर हो, पृथ्वीचा हिरवेपणा वाढलाय, उपग्रहातून दिसतो. पण झाडाला पाणी आणि बेताचं तापमानही लागतं ना. मार्च २०२२ मध्ये उत्तरेत ऐन दाणे भरताना उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि १३ मे ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. कार्बन डायऑक्साइड त्या शेतातही भरपूर होता.

प्रश्न: शास्त्रज्ञांनीच सांगितलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार. नंतर म्हणाले चुकलं. त्यात ते ईमेल लीक झाले होते. मग यांच्यावर विश्वास का ठेवायचा? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: मित्रा, प्रश्न चांगला आहे आणि ही गोष्ट सविस्तरच सांगायला हवी कारण ती आपल्याच देशात घडलीय. आयपीसीसी, म्हणजे १९८८ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेली हवामान-अभ्यासाची समिती, तिच्या २००७ च्या अहवालात आशिया खंडाच्या प्रकरणात एक वाक्य होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. हे वाक्य कुठल्या शोधनिबंधातून आलं नव्हतं, ते एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून उचललं होतं, त्या संस्थेने ते १९९९ च्या एका विज्ञान मासिकातल्या बातमीतून घेतलं होतं आणि बातमीचा आधार एका शास्त्रज्ञाची मुलाखत. म्हणजे ऐकीव माहितीवर ऐकीव माहिती. शेकडो मीटर जाडीचा बर्फ तीस वर्षांत संपेल हे हिमनदीवाल्या कुठल्याही माणसाला पटणं अवघड होतं, आणि कायसर नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने तर छापण्याआधीच हे चूक आहे असं कळवलेलं, पण ते पोचलं नाही.

मग नोव्हेंबर २००९ मध्ये आपले तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेल्या व्ही. के. रैना यांचा एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात हिमनद्या काही जगावेगळ्या वेगाने आटत नाहीयेत असं म्हटलं होतं. आयपीसीसीचे अध्यक्ष तेव्हा आपलेच राजेंद्र पचौरी, त्यांनी 'हे जादूटोण्याचं विज्ञान आहे' अशा थाटात तो उडवून लावला. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीलाच दिलगिरी व्यक्त करावी लागली. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात चुकीपेक्षा तो तोरा जास्त महागात पडला.

पण पुढचं बघ. चूक शोधली कुणी? हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच. त्याच अहवालाच्या भौतिकशास्त्राच्या खंडात, जिथे बर्फाचं खरं प्रकरण होतं, तिथे २०३५ चा पत्ताही नव्हता. आणि २०३५ चुकलं म्हणून बर्फ वितळायचा थांबलेला नाही. डोंगराळ प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसीमोड या संस्थेचा २०१९ चा अहवाल सांगतो की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल, आणि तिचाच २०२३ चा अहवाल सांगतो की २०११ ते २०२० या दशकात बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने गेलाय. म्हणजे तारीख चुकली होती, गाडी तीच आहे.

ईमेलचं थोडक्यात. २००९ साली इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे मेल चोरीला गेले, त्यात 'घसरण लपवा' असे शब्द सापडले आणि बोंब झाली. ती घसरण तापमानाची नव्हती, काही झाडांच्या वार्षिक वलयांवरून काढलेल्या अंदाजाची होती, जो १९६० नंतर थर्मामीटरशी जुळेनासा झाला होता. चौकश्या झाल्या, आकड्यांत लबाडी सापडली नाही, पण माहिती मागणाऱ्यांना टाळाटाळ केली म्हणून कान मात्र उपटले गेले, आणि ते योग्यच झालं. तुला विश्वास ठेवायचाच नसेल तर रिचर्ड म्युलर यांचं काम बघ. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ, तापमानाच्या नोंदींवर शंका घेणारे, त्यांनी सगळ्या नोंदी स्वतः नव्याने तपासल्या, त्यासाठी काही पैसे तेलवाल्या कोक घराण्याच्या फाउंडेशनने दिलेले, आणि २०१२ साली तेच म्हणाले की वाढ खरी आहे आणि जवळजवळ पूर्ण माणसामुळेच आहे.

प्रश्न: २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, उन्हाळा अर्ध्यावर मोडला. कुठेय वॉर्मिंग? – डोंबिवली

उत्तर: २६ मे ला मुंबईत मान्सून पोचला, नोंदीतला सगळ्यात लवकरचा. पण एका वर्षाच्या पावसावरून ना वॉर्मिंग सिद्ध होतं ना खोटं ठरतं, त्यासाठी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या बघतात. आणि पृथ्वी डोंबिवलीपेक्षा बरीच मोठी आहे, आदल्याच वर्षी, २०२४ ला, जगाचं सरासरी तापमान पहिल्यांदाच एकोणिसाव्या शतकापेक्षा दीड अंशाने जास्त भरलं.

प्रश्न: पूर आला की पुढारी आणि अधिकारी 'क्लायमेट चेंज' म्हणून मोकळे होतात. हे खरं की पळवाट? – चिपळूण

उत्तर: दोन्ही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि अरबी समुद्र तर चांगलाच तापलाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि गंमत अशी की एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे पाऊस तोच, फक्त कमी दिवसांत. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला तेव्हा तुमच्याकडे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण तुमच्या वाशिष्ठी नदीत गाळ साचू दिला तो काही समुद्राने नाही. मिठी नदीत भर टाकून बांधकामं झाली तीही कार्बन डायऑक्साइडने केली नाहीत. उलट अतिवृष्टी वाढणार हे २०१७ पासून छापील माहीत असताना पूररेषेत परवानगी देणं हा जास्त मोठा गुन्हा आहे, तेव्हा साहेबांनी क्लायमेट चेंज म्हटलं की पुढचा प्रश्न हाच विचारा: माहीत होतं ना, मग काय केलंत?

ता. क. नाशिकच्या द्राक्षवाल्यांसाठी: गारपिटीबद्दल शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने बोलत नाहीत, गारांच्या जुन्या नोंदीच धड नाहीत. त्यामुळे २०१४ च्या गारपिटीसारखी प्रत्येक घटना कुणी छातीठोकपणे वॉर्मिंगच्या नावावर टाकत असेल तर जरा थांबा म्हणा.

प्रश्न: अमेरिका-युरोपने दीडशे वर्षं धूर सोडून गाड्या-बंगले केले आणि आता आपण जरा वर येतोय तर म्हणतात कोळसा बंद करा. हे सगळं ग्लोबल वॉर्मिंगचं थोतांड गरीब देशांना दाबण्यासाठीच काढलंय असं नाही वाटत? – नागपूर

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत. तुमची तक्रार सोळा आणे खरी आहे आणि तुमचा निष्कर्ष तुमच्याच तक्रारीवर पाणी ओततोय.

तक्रार आधी. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आज वर्षाच्या हिशोबाने आपण तिसऱ्या नंबरवर आहोत हे खरं, पण माणशी बघितलं तर आपण २ टनांच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच, अमेरिका १४. श्रीमंत देशांनी २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून देऊ, ते त्यांच्याच हिशोबाने २०२२ ला जमलं, आणि त्यातही सरकारी पैशातला मोठा भाग कर्ज! २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी (म्हणजे १३०० अब्ज) डॉलर मागितले, तर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांवर बोळवण झाली, आपल्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. वर युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आपल्या पोलाद-ॲल्युमिनियमवर कार्बनचा कर लावलाय. चीड येणारच.

पण 'थोतांड' हा शब्द आला कुठून ते बघा. एक्सॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून साहेबांना सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापणार, त्यांचे अंदाज पुढे बरेचसे बरोबरही निघाले. जुलै १९९७ मध्ये, धूर कमी करायचा क्योटोचा करार व्हायच्याही आधी, अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की भारत-चीनसारख्या देशांवर बंधन नसेल किंवा आमच्या अर्थव्यवस्थेला धक्का लागणार असेल तर करार नको. आणि १९९८ साली तेल उद्योगाच्या लोकांनी बसून एक प्रचाराचा आराखडा केला, तो फुटून वर्तमानपत्रात आला, त्यात सरळ लिहिलं होतं की सामान्य माणसाला हवामानशास्त्रात अनिश्चितता आहे असं वाटायला लागलं की आपण जिंकलो. म्हणजे तुम्हाला नागपुरात जो फॉरवर्ड येतो त्याचा मूळ हेतू काय, तर अमेरिकेला खर्च करायला लागू नये. आपण तो पुढे पाठवतो तेव्हा समोरच्या पार्टीच्या वकिलाचं काम फुकटात करतो.

कारण विचार करा, 'तुम्ही नुकसान केलंत, भरपाई द्या' हे म्हणायला आधी नुकसान झालंय आणि ते तुमच्या धुरामुळेच झालंय हे सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध कशाने होतं? त्याच आयपीसीसीच्या अहवालांनी, त्याच मौना लोआच्या आकड्यांनी. वानुआतूसारख्या चिमुकल्या बेटांच्या देशाने पुढाकार घेतला म्हणून २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान वाचवणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो, त्याला आधार याच विज्ञानाचा. विज्ञान थाप म्हटलं की अमेरिकेचा पाव हिस्साही थाप, आणि मग मागायचं काय?

आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९९० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एका संस्थेने आकडे असे मांडले की भारत पहिल्या पाच प्रदूषकांत आला, तेव्हा दिल्लीचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ ला उत्तर दिलं. पृथ्वी तापत नाही असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तेच आकडे घेतले आणि माणशी भागले, आणि विचारलं की भाताच्या खाचरातला आणि गाईगुरांचा मिथेन आणि तिकडच्या मोटारींचा धूर एकाच मापाने मोजता का, एक पोट भरण्यासाठी आहे आणि दुसरा चैनीसाठी. १९९२ च्या रिओ करारात 'जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही' हे तत्त्व आलं आणि आजही आपले लोक परिषदांत त्यावरच भांडतात.

फक्त एक कोपरखळी आपल्यालाही. ते २ टन ही सरासरी आहे. त्यात मेळघाटातलं घरही आलं आणि चार एसी, दोन एसयूव्हीवालं घरही आलं. परिषदेत गरिबाच्या सरासरीआड उभं राहायचं आणि इथे त्याच गरिबाला उन्हात कामाला लावायचं, हे फार दिवस चालणार नाही.

प्रश्न: इथे ऑफिसात सगळे म्हणतात, भारत-चीन थांबत नाहीत तोवर आम्ही काही करून उपयोग काय? काय उत्तर देऊ? – न्यू जर्सी

उत्तर: त्यांना सांगा, भारत-चीन अशी जोडी लावू नका. चीन आज जगाच्या जवळपास एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि माणशी युरोपच्याही पुढे गेलाय, त्याला गरीब देश म्हणायचे दिवस गेले. पण त्याच चीनने एकट्या २०२४ मध्ये २७७ गिगावॅट सोलर बसवलं. आणि तुमच्या देशाने पॅरिस करार सोडला, परत धरला आणि जानेवारी २०२५ ला परत सोडायची सही केली. आधी एका जागी बसा म्हणावं.

प्रश्न: सरकार म्हणतं निम्मी वीज हरित झाली. मग आमच्या डोक्यावरचा धूर कुठला? – चंद्रपूर

उत्तर: निम्मी 'क्षमता' झाली, निम्मी वीज नाही. जून २०२५ ला देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली, ठरल्याच्या पाच वर्षं आधी, आणि ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण सोलर दुपारी चालतं आणि आपण टीव्ही, पंखे, मिक्सर सगळं संध्याकाळी सातनंतर लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या विजेतली ७० टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच. वीज साठवायची सोय, म्हणजे बॅटऱ्या आणि डोंगरावर पाणी चढवून ठेवायचे प्रकल्प, वाढल्याशिवाय हे बदलणार नाही, आणि ते डोंगरावरचे प्रकल्प सह्याद्रीत येतायत तिथे जंगलाचं काय हा वेगळाच वाद आहे. अजून काही वर्षं कोळसा लागेल हे भारताचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याच्या राखेचा आणि धुराचा बंदोबस्त करायला काही वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही, चिमणीला गंधक अडवणारी यंत्रं लावायची मुदत इतक्यांदा पुढे ढकलली आणि शेवटी बहुतेक केंद्रांना सूटच दिली, त्यात कुठला परदेशी डाव होता?

प्रश्न: मी एकटीने एसी बंद करून काय होणार? – ठाणे

उत्तर: ताई, जगाचं फारसं काही होणार नाही, तुमच्या बिलाचं होईल. 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा' ही कल्पना घराघरात नेली ती बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, यातच काय ते ओळखा. उकाड्यात घरात म्हातारी माणसं असतील तर एसी खुशाल लावा, २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर सुरू होतो, त्याच्या खाली नेऊ नका आणि सोबत पंखा ठेवा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर आणि पांढरा रंग हे दोन विषय अजेंड्यावर घालायला लावा.

इलेक्ट्रिक स्कूटरवर एवढे प्रश्न आलेत की ते पुढच्या अंकात वेगळे घेतो. बॅटरी किती वर्षं टिकते हे विचारणाऱ्यांनी गाडीचं मॉडेल आणि रोजचे किलोमीटर तेवढे कळवा.